अंगातलं पाणी

डोळे मिटा बघू. मिटलेत? आता माझ्याबरोबर एक वर्ग उभा करा. पाचवीचा वर्ग. वर कौलं, त्यातल्या दोन कौलांच्या जागी काचा बसवलेल्या, आणि त्या काचांतून जमिनीवर पडलेले उन्हाचे दोन चौकोन. मधली सुट्टी झाली आहे. एका मुलीच्या हातात पेरू आहे आणि तिच्या मैत्रिणीच्या हातात काहीच नाही. शाळेत चाकू आणायला बंदी. मग पेरू वाटायचा कसा?

तुम्हाला माहीत असेल. पेरूवर फ्रॉकचा काठ घालायचा आणि कापडावरून कचकन चावायचं. तुकडा मोडतो आणि उष्टा होत नाही. याला म्हणतात चिमणीच्या दातांनी तोडणं. आमच्या शाळेत गोळ्या, कैऱ्या, शेंगदाण्याची चिक्की, सगळं चिमणीच्याच दातांनी तुटायचं. मुलींच्या फ्रॉकचे काठ बघून आज कुणी काय खाल्लं ते मला ओळखता यायचं.

आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं.

त्या दोन मुलींपैकी पेरूवाली म्हणजे तेजस्विनी गुरव, सगळ्यांची तेजू. दुसरी अनुजा लोहार. पहिलीपासून दोघी एकाच बाकावर. मी त्यांचा वर्गशिक्षक होतो. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पांढरी टोपी, आणि शिकवण्यात आपण कधी चुकत नाही अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती.

डिसेंबर सरत आला होता. तेजूचं काहीतरी बदललं आहे हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. ती अनुजाच्या बाकावरून उठून दाराजवळ एकटी बसायला लागली होती. पाण्याच्या पिंपावरचा पेला घेत नसे, घरून बाटली आणी. मी विचारलं तर म्हणाली, तिथं वारा चांगला लागतो. त्या दिवसांत सकाळी आमच्याकडे दात वाजायचे, आणि हिला वारा हवा होता. मग एक दिवस तिने आपले सागरगोटे मुलींना वाटून टाकले. पाच सागरगोटे, पाच मुली. परत मागणार नाही असंही वर सांगितलं. मला वाटलं, दोघींचं भांडण झालं असेल. मुलींची भांडणं मी कधी सोडवायला जात नसे, चार दिवसांत ती आपोआप मिटतात.

हे भांडण मिटेना. आणि मग निबंध आला.

विषय होता ‘मी मोठेपणी कोण होणार’. बापू चौगुले नावाच्या मुलाने मोठेपणी कंडक्टर होऊन सगळ्या वर्गाला फुकट फिरवायचं लिहिलं होतं. अनुजाला नर्स व्हायचं होतं. तेजूच्या वहीत दोनच ओळी होत्या. ‘मी मोठी होणार नाही. त्यामुळे निबंध लहान आहे.’

अक्षर नेहमीसारखंच वळणदार, शुद्धलेखनाची एक चूक नाही.

दुसऱ्याच दिवशी तिची आई, शालन, कडेवर दोन महिन्यांचं बाळ घेऊन शाळेत आली. मी बोलावण्याआधीच. पोरगी भांडी घासते, झाडलोट करते, पाणी भरते, सगळं न सांगता करते म्हणाली, पण बाळाला हात लावत नाही. झालं तेव्हा त्याला मांडीवर घ्यायला आईशी भांडायची, आता त्याच्या पाळण्याला वळसा घालून जाते. स्वतःचं ताट वेगळं ठेवते, कंगवासुद्धा लपवून ठेवलाय.

“शेजारच्या बाया म्हणत्यात, भावाचा राग करतीया,” शालन म्हणाली. “पण गुरुजी, राग करणारी पोरगी पाळण्यापासनं चार हात लांब उभी राहून त्याला गाणं म्हणून दाखवंल का? काल बघितलं मी. लांबनंच म्हणत होती, आणि डोळं पुसत होती.”

मी त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर तेजूला नकाशे पुसायला थांबवून घेतलं. शालन व्हरांड्यात बसली होती. मुलांना समोर उभं करून काय झालं विचारलं तर ती पायाच्या अंगठ्याकडे बघतात. हातात काम दिलं की बोलतात. आम्ही दोघांनी महाराष्ट्र पुसला, मग भारत पुसला. आशिया खंडापर्यंत ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. जगाचा नकाशा मोठा होता, त्याची एक बाजू तिने धरली आणि दुसरी मी.

“गुरुजी,” नकाशाच्या पलीकडून ती म्हणाली, “ते पाण्यानं होतं ना?”

“काय होतं?”

“एड्स. तुम्हीच सांगितलंवतं. अंगातल्या पाण्यानं होतो.”

आता मला तुम्हाला ती गोष्ट सांगायलाच हवी. एक डिसेंबरला तालुक्याहून पत्रक आलं होतं. प्रभातफेरी काढायची, घोषणा द्यायच्या आणि वर्गात माहिती वाचून दाखवायची. फेरी झकास झाली, बापूने घोषणा देऊन घसा बसवून घेतला. मग वर्गात मी पत्रक वाचायला लागलो. एचआयव्हीचा विषाणू रक्तातून जातो, वापरलेल्या सुईतून जातो, आईकडून बाळाला जाऊ शकतो, इथवर गाडी ठीक चालली. चौथा मुद्दा स्त्री-पुरुषांच्या शरीरसंबंधाचा होता. त्याआधी मी थांबून पाणी प्यालो. पंचवीस वर्षं शिकवत होतो, पण तो शब्द मी वर्गात कधी उच्चारला नव्हता. समोर दहा-अकरा वर्षांची मुलं, शेजारच्या वर्गात मुख्याध्यापिका. मी पत्रकाची घडी घातली आणि म्हणालो, “आणि, हे आपलं, अंगातल्या पाण्यातूनही होतो.” आणि लगेच पाढे म्हणायला लावले.

पाढ्यांच्या आवाजात माझी लाज बुडाली. तेजूच्या डोक्यात मात्र ते ‘अंगातलं पाणी’ राहिलं. तिने घरी जाऊन विचार केला. अंगातलं पाणी म्हणजे थुंकी. अंगातलं पाणी म्हणजे घाम. अंगातलं पाणी म्हणजे रडताना येतं तेसुद्धा.

आणि पेरू.

फेरीच्या आदल्याच दिवशी दोघींनी पेरू खाल्ला होता. फ्रॉक नुकताच धुतलेला होता, काठाला डाग पडला तर आई ओरडेल म्हणून त्या दिवशी चिमणीच्या दातांना कापड नव्हतं. आधी अनुजाने चावा घेतला, मग हिने. हिची दाढ हलत होती, पेरूत अडकली आणि रक्त आलं.

“मग?” मी विचारलं.

ती बराच वेळ पॅसिफिक महासागर पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, अनुजाच्या आईबद्दल गावात लोक काय म्हणतात ते तिला माहीत आहे.

मलाही माहीत होतं. अनुजाचे वडील वर्षभर आजारी राहून गेले होते. तिची आई साड्यांना पिको-फॉल करून घर चालवायची आणि महिन्याला एकदा औषध आणायला जिल्ह्याला जायची. एवढ्या दोन गोष्टींवरून गावाने तिसरी ठरवून टाकली होती. खरं काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही.

“हे तू कुणाला बोलली नाहीस?”

“न्हाई.”

“आईलाही नाही?”

“आईनं विचारलं असतं, कुणाचं उष्टं खाल्लंस. मग अनुजाचं नाव आलं असतं. मग तिला कुणी पाण्याला बी शिवू दिलं नसतं.” मग म्हणाली, “मला झालाच हाय, तर तिचं नाव सांगून काय उपेग?”

चार आठवडे ही पोर मरणाचं ओझं घेऊन दाराजवळच्या वाऱ्यात बसली होती, आणि त्यातही मैत्रिणीचं नाव जपत होती. आणि ते ओझं तिच्या दप्तरात मी घातलं होतं.

एकत्र खाल्ल्याने हा आजार होत नाही हे पत्रकात होतं, तेवढं मला पाठ होतं. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पण दाढेतनं रक्त आलं होतं त्याचं काय? खरं सांगतो, तिथं मी अडलो. दटावून गप्प करता आलं असतं. तसं एकदा करून झालं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “ज्याला माहीत आहे त्याला आपण विचारू. पण आईला सांगावं लागेल. अनुजाचं नाव न घेता सांगू.”

शालनला सांगितलं तेव्हा ती उठून उभी राहिली. तिने कुणाचं नाव विचारलं नाही. लेकीला जवळ ओढायला गेली तर तेजू दोन पावलं मागे सरली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात या तपासणीची आणि सल्ल्याची खोली नुकतीच सुरू झाली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही वडापने निघालो. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. नऊ जणांच्या जागेत आम्ही सतरा, एक कोंबडी आणि बाळ. एवढ्या गर्दीतही तेजू अंग चोरून, बाळाला आपला कोपरसुद्धा लागू नये अशी बसली होती. शेजारच्या आजोबांनी तिला सरळ बसायला सांगितलं तर म्हणाली, मला असंच आवडतं.

त्या खोलीत शबाना मुजावर नावाच्या समुपदेशक होत्या. पंचविशीतल्या. बोलायच्या हसतमुख, पण नजर अशी की खोटं सांगायची सोय नाही. त्यांनी आधी दार लावलं आणि तेजूला सांगितलं की या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तरी नाही. मग तेजूने सगळं सांगितलं. पेरू, कापड, दाढ. फक्त ‘एक मैत्रीण’ एवढंच म्हणाली.

शबाना मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “दाढ पडली का मग?”

“पडली.”

“कौलावर टाकलीस?”

“व्हय.”

“मग झालं. त्या पेरूने तुझी दाढ काढली, दुसरं काही केलं नाही.” मग त्या पुढे झुकल्या आणि सावकाश सांगायला लागल्या. थुंकीतून हा विषाणू जात नाही. घामातून नाही, डोळ्यांतल्या पाण्यातून नाही. एका ताटात जेवून, एका पेल्यातून पिऊन, एका पांघरुणात झोपून, एक कंगवा वापरून नाही. उष्टा पेरू खाऊन नाही, दाढ हलत असली तरी नाही.

“मग माझं रक्त तपासा,” तेजू म्हणाली. तिने बाही वर करून हात पुढे केला. तिची तयारी घरूनच झाली होती.

“गरज नाही.”

“मग मला न्हाई हे कसं कळणार?”

“तू सातवीच्या परीक्षेला बसलीस का गं?”

“मी पाचवीत हाय.”

“मग तुझा सातवीचा निकाल काय लागला?”

तेजूने जरा विचार केला. “बसलेच न्हाई तर निकाल कसला?”

“तेच सांगतेय मी. हा आजार होण्यासारखं तुझ्या बाबतीत काही घडलंच नाही.”

तेजूने बाही खाली केली, पण हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची मला धास्ती होती. तिच्या मैत्रिणीला आहे का?

“तुझ्याबद्दल मी कुणाला सांगणार आहे का?” शबाना मॅडम म्हणाल्या.

“न्हाई.”

“तसंच दुसऱ्या कुणाबद्दल तुला सांगणार नाही. आणि तुला ते कळायची गरजही नाही. असलं काय, नसलं काय, पेरू तेवढाच गोड लागणार.”

मग त्यांना आम्हा मोठ्यांशी बोलायचं होतं. त्या शालनला म्हणाल्या, बाळ मुलीकडे द्या, ती व्हरांड्यात बसेल. अगदी सहज म्हणाल्या, जसं कुणी पिशवी धर म्हणतं. शालनने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

तेजू उठली. तिने दोन्ही तळवे फ्रॉकला पुसले. परत पुसले. मग हात पुढे केले. शालनने बाळ तिच्या हातांत दिलं. बाळाने तिच्याकडे टकामका पाहिलं आणि तिची वेणी मुठीत पकडून सरळ तोंडात घातली. ती सोडवायला गेली नाही. तशीच, मान वाकडी करून, त्याला घेऊन बाहेर गेली. दार लोटल्यावर लगेच तिचं बोलणं ऐकू यायला लागलं. महिनाभराचं साचलेलं ती त्याला एका दमात सांगत होती, त्यात बापू कंडक्टर होणार आहे हेसुद्धा होतं.

शालन डोळे पुसत म्हणाली, मला उगीच वाटत होतं, काही नसताना तुमचा वेळ घेतला.

शबाना मॅडम म्हणाल्या, “ताई, माझ्याकडे येणाऱ्यांत बरीच माणसं अशी असतात, ज्यांना काहीही झालेलं नसतं. नुसती भीती असते. कुणी जेवण सोडतं, कुणी बायकोमुलांपासून लांब झोपतं. त्यांच्याशी बोलणं हेही माझं कामच आहे.” आणि मग माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, हे पाण्याचं काय होतं?”

मी सांगितलं. सगळं, पाढ्यांसकट. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना ते जमवावं लागलं. म्हणाल्या, “आता योग्य शब्द म्हणा.”

“आत्ता?”

“इथं म्हणता आला तर वर्गात म्हणता येईल.”

मी पंख्याकडे बघून म्हणालो. त्या म्हणाल्या, पंख्याला नको, मला सांगा. मी परत म्हणालो. शालनने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. तिसऱ्या वेळी शब्द नीट निघाला आणि आश्चर्य म्हणजे छप्पर जागच्या जागी होतं.

रविवारचा दिवस मी आरशासमोर काढला. सोमवारी वर्गात गेलो आणि मुलांना सांगितलं की एक डिसेंबरला मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. गुरुजी चुकले हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि बऱ्याच जणांना ते आवडलेलं दिसलं. मग मी चारही मार्ग सांगितले. मोठं झालेल्या स्त्री-पुरुषांच्या शरीरसंबंधातून हा आजार जाऊ शकतो, हेही त्याच आवाजात सांगितलं ज्या आवाजात मी नद्यांची उगमस्थानं सांगतो. दोन मुली लाजल्या, बापूने खोकून घेतलं, आणि तास पुढे सरकला. इंजेक्शनची सुई प्रत्येकाला नवी, रक्त चढवायचं तर तपासलेलं, पोटात बाळ असलेल्या बाईने तपासणी करून वेळेवर औषध घेतलं तर बाळाला वाचवता येतं. मोठ्यांनी स्वतःला कसं जपायचं ते सातवीत सविस्तर सांगेन म्हणालो, आणि पुढे सांगितलंही.

मग खडूचा रिकामा खोका फिरवला. प्रश्न चिठ्ठीवर लिहा, नाव लिहू नका. खोका भरून परत आला. मी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत गेलो. डास चावला तर? नाही. ढेकूण चावला तर? नाही, पण गादी उन्हात टाका. गुरुजींनी छडी मारून रक्त काढलं तर? अक्षर बापूचं होतं. म्हणालो, तर एड्स होत नाही, पण गुरुजींची बदली होते. वर्ग खो खो हसला. अनुजाही हसली. दाराजवळून तेजूही हसत होती, तिने जागा अजून बदलली नव्हती.

त्या हसण्याच्या भरात मी पुढची चिठ्ठी उघडली आणि आधी मनात न वाचता सरळ मोठ्याने वाचून टाकली.

‘आपल्या गावात कुणाला हाय?’

हसू थांबलं. आधी एक मान वळली, मग दुसरी, मग सगळा वर्ग अनुजाच्या बाकाकडे बघत होता. बाकावर ती एकटीच होती. तिने वही उघडली आणि कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवून ठेवली. काही लिहीत नव्हती.

उत्तर मला पाठ होतं. शबाना मॅडमनी ते माझ्यादेखत दिलं होतं. पण बत्तीस डोळे तिच्यावर रोखलेले असताना, ‘असं विचारायचं नसतं’ म्हणालो असतो तर त्याचा अर्थ पोरांनी एकच काढला असता. हातातली चिठ्ठी नुसतीच उलटीसुलटी करत राहिलो.

दाराजवळ बाक करकरला. तेजू उभी राहिली होती.

“मला वाटलेलं, मला झालाय,” ती खणखणीत आवाजात म्हणाली.

सगळ्या माना गर्रकन तिच्याकडे फिरल्या. ती बाक सोडून पुढे आली, फळ्यापाशी उभी राहिली, आणि जत्रेत हरवल्याची गंमत सांगावी तशी सगळी हकिकत सांगायला लागली. उष्टा पेरू, दाढ, लपवलेला कंगवा, दोन ओळींचा निबंध, वडापमधली कोंबडी, वेणी खाणारं बाळ. मुलं आधी हसायला लागली, मग पुढे काय, पुढे काय म्हणायला लागली. तिने एकही गोष्ट गाळली नाही.

फक्त बापूने जेव्हा विचारलं, पेरू कुणाचा उष्टा होता, तेव्हा ती त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, “तुझा.”